दुबार प्रतींचा निवाडा

संग्रह वाढू लागला की त्यात दुबार वस्तू शिरतात, हा सर्व संग्रहांचा अनुभव आहे. ग्रंथालयात एका पुस्तकाच्या चार प्रती जमतात, दप्तरखान्यात एकाच पत्राच्या तीन नकला सापडतात, मतदारयादीत एकाच गृहस्थाचे नाव दोन ठिकाणी निघते. संगीताचा संग्रह याला अपवाद असण्याचे कारण नाही. आज कित्येक घरांतील संगणकांवर हजारो गाणी साठविलेली असतात. काही घरातल्या जुन्या कॅसेटवरून उतरविलेली, काही विकत घेतलेली, काही स्नेह्यांकडून आलेली. एक दिवस जागा संपते, यादी आवाक्याबाहेर जाते आणि दुबार गाणी शोधून पुसून टाकणारा एखादा प्रोग्रॅम चालविला जातो. घटकाभरात संग्रह आटोपशीर होतो आणि मालकाला समाधान वाटते. मात्र जे पुसले गेले त्यात नेमके काय होते, याची चौकशी सहसा होत नाही. ती करावयाची तर आधी ‘दुबार’ कशाला म्हणावे हे ठरविले पाहिजे. आणि हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी, ध्वनिमुद्रणाबरोबरच जन्माला आलेला आहे.

एडिसनने १८७७ साली आवाज साठविणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा एका गाण्याच्या पुष्कळ प्रती काढणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्याच्या नळकांड्यावर आवाज उमटे खरा; पण पहिल्या काळात दहा माणसांना ते गाणे हवे असेल तर गायकाला अनेक कर्ण्यांसमोर उभे राहून तेच पुनःपुन्हा गावे लागे. अर्थात प्रत्येक खेपेचे गाणे थोडे निराळे होई. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा मार्ग दाखविला आणि ही अडचण दूर होण्याचा रस्ता खुला झाला. मूळ तबकडीवरून धातूचा साचा करावा आणि त्या साच्यातून हुबेहूब तबकड्या दाबून काढाव्यात, ही कारखान्याची रीत गाण्याला लागू झाली. कोल्हापूरच्या श्रोत्याने ऐकलेली तान आणि नागपूरच्या श्रोत्याने ऐकलेली तान तंतोतंत एकच असू शकते, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. आज जिची अडगळ वाटते ती दुबार प्रत हीच ग्रामोफोनची खरी कमाई होय.

हे तंत्र हिंदुस्थानात आले १९०२ मध्ये. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि त्याने या दौऱ्यात पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे केली. गौहरजान ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गायिका. गाणे संपताच ती आपले नाव उच्चारी, ते त्या तबकड्यांवर आजही ऐकू येते. हा केवळ ऐटीचा प्रकार नव्हता. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोवर येथे पाठवून तेथे तबकड्या तयार होत. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे, ना गायिका ठाऊक. कोणत्या तबकडीवर कोणते लेबल चिकटवावयाचे हे त्यांना समजावे म्हणून नाव गाण्यातच गोवलेले असे. वस्तूची ओळख वस्तूपासून सुटू नये, यासाठी केलेली ही आपल्याकडील आरंभीची तजवीज होय.

याहून पक्की तजवीज लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीत असे. तिथे एक बारीक क्रमांक कोरलेला दिसतो. तो साच्याचा क्रमांक. लेबलावरचा क्रमांक विक्रीचा. तो बदलू शकतो. साच्याचा क्रमांक मुद्रणाचा. तो बदलत नाही. त्याला जोडलेल्या अक्षरांवरून मुद्रक कोण आणि तबकडी किती इंचांची हेही जाणकाराला समजते. एकच गाणे गायकाने दोनदा गायले असेल, तर त्या दोन खेपांची खूणही त्यात सापडते. १९०८ साली कलकत्त्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडमला गेला. तरी हिशेबाची ही पद्धत चालूच राहिली. पुढे एकाच साच्यातून निघालेल्या तबकड्या निरनिराळ्या लेबलांखाली व निरनिराळ्या क्रमांकांनी बाजारात आल्या. लेबल पाहणाऱ्याला त्या दोन वाटत. कोरलेला क्रमांक वाचणाऱ्याला त्या एकच आहेत हे कळे.

जुन्या तबकड्यांचे संग्राहक हीच परीक्षा करीत आले आहेत. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील हिंदुस्थानी मुद्रणांची सूची सिद्ध केली आणि ती मुंबईतच १९९४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. संस्थेचे सुरेश चांदवणकर यांनी मराठी संगीताच्या जुन्या तबकड्यांविषयी दीर्घकाळ लेखन व संकलन केले. या मंडळींच्या दृष्टीने दुबार तबकडी हातात येणे म्हणजे ती टाकून देणे नव्हे. एकीवर सुरुवातीला चरा असतो, दुसरीवर शेवटी. दोन्ही जवळ असतील तर गाणे पुरे ऐकू येते.

तबकडीच्या मागून दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली, १९६३ मध्ये कॅसेट आली, १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली. प्रत्येक पायरीवर जुनी गाणी नव्या वेष्टनात पुन्हा विकली गेली. कॉम्पॅक्ट डिस्कवर आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन त्यांचे अंक साठविले जातात. त्यामुळे एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा मोठा वाटा असलेल्या एमपीथ्री पद्धतीने ही जागा सुमारे एक दशांशावर आणली. कानाला जे जाणवणार नाही ते वगळून टाकावयाचे, हे या पद्धतीचे तत्त्व. १९९५ मध्ये या फायलींना ते नाव मिळाले आणि पुढच्या काही वर्षांत गाण्याची प्रत काढण्यास साचा, कारखाना वा पैसा यांपैकी काहीच लागेनासे झाले. त्याबरोबर साच्याचा क्रमांकही नाहीसा झाला. तबकडीच्या पट्टीत कोरलेली खूण फायलीत उतरत नाही. फायलीला जोडलेल्या चिठ्ठीत कोणी हाताने लिहिले असेल तेवढेच नाव, तेवढाच राग, तेवढेच साल.

अशा फायलींच्या ढिगाऱ्यात दुबार कोणती हे संगणक तीन रीतींनी ठरवितो. पहिली रीत चिठ्ठी वाचण्याची: गायकाचे नाव आणि गाण्याचे नाव जुळले की दुबार. दुसरी रीत अंक मोजण्याची. फायलीतील सर्व अंकांवर एक ठरावीक गणिती क्रिया करून तिची छोटी खूण काढतात. तिला हॅश म्हणतात. दोन फायलींच्या खुणा एकच आल्या तर त्या अंकाअंकाने सारख्या आहेत असे व्यवहारात खुशाल धरून चालावे. मात्र चिठ्ठीतील एक अक्षर बदलले तरी ही खूण बदलते, मग आतले गाणे तेच का असेना. तिसरी रीत आवाज तपासण्याची. आवाजातील निरनिराळ्या कंपनसंख्यांचा चढउतार टिपून त्याचा नकाशा तयार करावयाचा आणि दोन नकाशे ताडून पाहावयाचे. माणसाच्या अंगठ्याच्या ठशावरून तिला ध्वनिठसा असे नाव देता येईल. फिलिप्स कंपनीतील हैत्स्मा व काल्कर यांनी २००२ मध्ये आणि शझाम या सेवेसाठी एव्हरी वँग यांनी २००३ मध्ये या पद्धतीचे प्रबंध प्रसिद्ध केले. आज रस्त्यात कानावर पडलेले गाणे ओळखणारी साधने याच तत्त्वावर चालतात.

तिन्ही रीती उपयोगी आहेत. परंतु आपल्या संगीताशी त्यांची गाठ पडली की अडचणी दिसू लागतात. पाश्चात्त्य गाण्याला बहुधा स्वतंत्र नाव असते. आपल्या ख्यालाला असते ते रागाचे नाव. एखाद्या गायकाने चाळीस वर्षांत यमन शंभर वेळा गायला असेल. प्रत्येक मैफलीचा यमन वेगळा, बंदिशही कदाचित वेगळी. पण फायलीवर लिहिलेले असते एवढेच की गायक अमुक, राग यमन. चिठ्ठी वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी ही सगळी एकच वस्तू. त्यांतील सर्वांत मोठी फाइल ठेवून बाकीच्या पुसण्याची शिफारस तो करतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुद्रणे दिली आणि १९३७ मध्ये निधन होण्याआधीच्या थोड्या वर्षांतही दिली. मधे सुमारे तीस वर्षे गेली. तरुणपणीचा आवाज आणि उतारवयातला तो झिरपणारा स्वर यांतले अंतर म्हणजेच त्या घराण्याचा इतिहास. साल न लिहिलेल्या चिठ्ठीला हे अंतर दिसत नाही.

नाट्यसंगीताची गोष्ट निराळी नाही. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले, गोविंदराव टेंबे यांच्या चालींसह. धैर्यधराची भूमिका पुढे केशवराव भोसल्यांनी गाजविली आणि दीनानाथ मंगेशकरांनी तिला आपल्या गायकीचा निराळाच ढंग दिला. नाटक तेच, पात्र तेच, पद तेच. गाणे मात्र एक नव्हे. यापेक्षाही बोलके उदाहरण आकाशवाणीच्याच घरातले आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते तेव्हा निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायली. पुढे फडके यांनी ती स्वतःच्या आवाजात मुद्रित केली आणि घरोघरी पोहोचली ती मुख्यतः हीच. गीताचे नाव, कवी, संगीतकार सर्व एक. आवाज मात्र दुसरा. ‘गीतरामायण’ एवढीच नोंद असलेल्या दोन फायलींपैकी एक पुसताना वर्षभर रेडिओभोवती जमलेल्या श्रोत्यांनी जे प्रत्यक्ष ऐकले, तेच पुसले जाण्याचा संभव असतो.

चूक उलट दिशेनेही होते. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात. परंतु आरंभीच्या काळात हा वेग सर्वत्र सारखा नव्हता. ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी साडेब्याऐंशीच्या आसपास फिरविली तर गायकाचा षड्ज सुमारे अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. एकाच तबकडीवरून दोघांनी दोन वेगांनी प्रती काढल्या, तर ध्वनिठसा ताडणारा प्रोग्रॅम पुष्कळदा त्यांना दोन स्वतंत्र गाणी समजतो. खरी दुबार प्रत सुटते आणि दुबार नसलेली सापडते, असा हा न्याय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘तेच’ या शब्दाचे निदान चार अर्थ आहेत. तीच फाइल, म्हणजे अंकाअंकाने सारखी. तेच मुद्रण, म्हणजे एकाच वेळी एकाच ठिकाणी झालेले गाणे, मग ते कॅसेटवरून येवो की तबकडीवरून. त्याच गायकाचे तेच गाणे, पण दुसऱ्या दिवशी गायलेले. आणि तीच रचना, दुसऱ्या कंठातून. ग्रंथपालांच्या जागतिक संघटनेने १९९८ मध्ये कृती, तिचा आविष्कार, त्याचे प्रकाशन आणि हातातली प्रत असे चार थर वेगळे केले, ते याच गरजेतून. २००० साली रॉबर्ट के यांनी सुरू केलेल्या म्युझिकब्रेन्झ या संगीतकोशातही रचना, मुद्रण आणि प्रकाशन यांच्या नोंदी वेगळ्या ठेवतात. यांपैकी पहिल्या अर्थाने जे दुबार असेल ते निःशंक पुसावे. दुसऱ्या अर्थाने असेल तर उत्तम प्रत निवडावी. आणि उत्तम म्हणजे आकाराने मोठी असे समजू नये, कारण निकृष्ट कॅसेटवरून केलेली भली मोठी फाइल ही मोठी असली तरी निकृष्टच राहते. तिसऱ्या व चौथ्या अर्थाने जे सारखे दिसते ते दुबार नाहीच.

एवढी दक्षता कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जयपूर घराण्याच्या इतिहासात आहे. या घराण्याचे नाव राजस्थानचे. पण ते वाढले कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने आणि पुढे मुंबईत. त्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १८५५ मध्ये जन्मले आणि १९४६ मध्ये वारले. ग्रामोफोन या देशात आल्यावर ते त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षे हयात होते, तरीही त्यांचा आवाज तबकडीवर उतरला नाही. आज ती गायकी आपल्याला कळते ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून. मूळ पोथी हरवली असून नकलांवरूनच तिचा अदमास घ्यावयाचा, असा हा प्रकार आहे. अशा ठिकाणी एक मुद्रण कमी होणे म्हणजे एक साक्षीदार कमी होणे.

मोठ्या नावांना निदान राखणारे तरी भेटतात. मुंबईत १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ या छापाच्या स्वदेशी तबकड्या निघत. त्यांवर गाणारे पुष्कळसे नवे आणि हौशी कलावंत होते. ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने, नष्ट होऊ घातलेली साधने जतन करण्याच्या योजनेत चांदवणकरांनी या तबकड्यांच्या अंकीकरणाचे काम केले. ज्या गायिकेची आयुष्यात एकच तबकडी निघाली, तिच्या बाबतीत ती तबकडी म्हणजेच तिचे सारे चरित्र. तिच्या गाण्याचे नाव एखाद्या प्रसिद्ध गाण्यासारखे असले, एवढ्या कारणाने ती यादीतून वगळली गेली, तर त्या आवाजाची दाद कोणापाशी मागावी?

या प्रश्नाची सोडवणूक मराठी विद्वत्तेला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली शेकडो हस्तलिखिते होती आणि त्यांतील बहुतेक श्लोक वरवर पाहता दुबार होते. त्यांनी हस्तलिखितांचे कुळ शोधले, कोणते कोणावरून उतरले ते ताडले आणि एक पाठ निश्चित केला. पण वगळलेले पाठभेद त्यांनी टाकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. उद्या कोणाला निवाडा फिरवावासा वाटला तर त्याचा पुरावा त्याच ग्रंथात हजर आहे. सरकारी कचेरीतही अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात. ‘अ’ वर्गातील कागद कायमचा ठेवावयाचा, ‘ड’ वर्गातील लवकर काढावयाचा. पण काढण्यापूर्वी यादी करावयाची आणि जबाबदार माणसाने ती पाहावयाची. गाण्यांच्या संग्राहकाला याहून वेगळे काही करावे लागत नाही. प्रथम मूळ संग्रहाची एक प्रत बाजूला ठेवावी. चिठ्ठ्यांतील नावे एका वळणाची करावीत, कारण खाँ, खां आणि खान या तीन लेखनांनी एकाच गवयाची तीन माणसे होतात. दुबार ठरलेल्या फायली एकदम न पुसता वेगळ्या ठेवाव्यात, कानांनी ऐकाव्यात, आणि काय काढले याची नोंद ठेवून मगच काढाव्यात.

जागा वाचविण्याच्या घाईत काय गमावते, याचा धडा मोठ्या संस्थांनीही घेतला आहे. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या. फिती महाग होत्या आणि जुन्या कार्यक्रमांचा उपयोग संपला असे वाटत होते. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग त्यात गेले. त्यांतील नऊ भाग २०१३ मध्ये परत मिळाल्याचे जाहीर झाले, ते नायजेरियातून. प्रक्षेपणासाठी परदेशी धाडलेल्या आणि तिथेच पडून राहिलेल्या प्रतींच्या रूपाने. मूळ ठेवणाऱ्याने पुसले, आणि जिला कोणी मोजत नव्हते त्या प्रतीने राखले.

दुबार प्रतीची किंमत ओळखून केलेली एक योजना तर पृथ्वीपलीकडे गेली आहे. १९७७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली होती, आणि निरनिराळ्या देशांच्या संगीताबरोबर तीत केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी होती. त्याच सप्टेंबरात मुंबईत केसरबाईंचे देहावसान झाले. दोन्ही तबकड्या अगदी सारख्या. हिशेबनिसाच्या वहीत त्यांतील एक जादाच ठरली असती. पण दोन यानांच्या दिशा दोन होत्या. पहिले यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, दुसरे २०१८ मध्ये. अल्लादिया खाँच्या घराण्याचा तो स्वर आज दोन वेगळ्या वाटांनी चालला आहे. आणि एका वाटेवर अपघात झालाच, तर दुसरी वाट मोकळी आहे.